वीतभर दोरा

“मधे एक दोरा लोंबत होता बघा, एवढा वीतभर. बरं दिसेना, म्हणून मी कापून टाकला,” उमादेवी सहज म्हणाल्या आणि घडी घातलेली वाकळ त्यांनी धुरपताच्या मांडीवर ठेवली. धुरपतानं घडी उलगडून मधोमध हात नेला. चार बोटांचा चौकोन शिवायचा राहिलेला होता. तो तिला ठाऊक होता, चौदा वर्षं ठाऊक होता. पण त्या चौकोनाच्या कोपऱ्यात जिथं दोरा असायचा तिथं आता बोटाला नुसतं टोचलं, भादरलेल्या केसाच्या खुंटासारखं. तिनं पुन्हा चाचपून पाहिलं. दोरा आत सरकला असेल, घडीत गुंतला असेल, असं तिला उगीच वाटत राहिलं. “कात्रीनं कापला?” तिनं विचारलं. “मग काय दातानं तोडू?” उमादेवी हसल्या. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. कुणी मुद्दाम केलं असतं तर धुरपताला निदान रागावता तरी आलं असतं.

खरं तर ती ही वाकळ परत मागायला आली होती. बगलेत नवीकोरी दुसरी वाकळ होती, गेल्या सहा महिन्यांत शिवलेल्यांतली सगळ्यांत देखणी. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारापासून इथपर्यंत तापलेल्या रस्त्यानं येताना तिनं एक वाक्य घोकून ठेवलं होतं: बाईसाहेब, पोरानं चुकून दिली, ती इकायची नव्हती, तिच्याबदली ही घ्या. वाक्य छोटंसंच होतं. पण उमादेवींनी तिला ते बोलायची उसंतच दिली नाही. “तुमच्या गोधडीत काय जादू आहे हो, धुरपताबाई? आमच्या सासूबाईंना सहा महिने धड झोप नव्हती. परवा नांदेडहून आणली, अंगावर घातली आणि सकाळी आठपर्यंत घोरत होत्या! आज धुवायला काढते म्हटलं तर हातातून सोडेनात, कशीबशी काढून घेतली. तेवढं मधलं शिवून उद्या-परवा आणून द्या. आणि हो, विश्रामगृहाच्या तीस गोधड्यांचं ह्यांच्याशी बोलणं झालंय. तुमच्या चौघींनाच काम मिळेल.” आतल्या खोलीतून एक थकलेला आवाज आला, “आली का गं वाकळ?” त्या दानम्मा, उदगीरकडच्या, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणाऱ्या उमादेवींच्या सासूबाई. त्या घरात गोधडीला वाकळ म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. धुरपताचं घोकलेलं वाक्य बोलायचं राहूनच गेलं. उमादेवींनी पाण्याचा पेला पुढं केला, काठोकाठ भरलेला, त्यांच्या स्वतःच्या मांडणीवरचाच. पेला कुठला आहे हे धुरपता दर वेळी बघायची. इतक्या वर्षांची खोड, ती का जाते! पाणी थंड होतं. दोन घोट घेऊन तिनं पेला खाली ठेवला.

परतताना तिच्या दोन्ही बगलांत दोन वाकळा होत्या, एक विकायची आणि एक विकली गेलेली, आणि चैत्राच्या उन्हात त्या अंगाला भाजत होत्या. लातूरचा वेगळा जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं होतं. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून फायली आल्या, पाट्यांवरची नावं खरवडून नवी रंगवली गेली, साहेबलोक आले, साहेबांच्या बायका आल्या, आणि त्या फायली उचलायला म्हणून तिच्या मुलाला, देविदासला, शिपायाची नोकरी लागली. जिल्हा नवा झाला, नळ मात्र जुनेच राहिले, आणि यंदा त्यांना सहाव्या दिवशी जाग यायची. कचेरीला जवळ म्हणून देविदासनं जी एक खोली घेतली तिच्या दारात धुरपतानं वाकळ वाळत घातली होती, तिथं एका साहेबांच्या बायकोची, उमादेवींची, रिक्षा थांबली. एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. “केवढी सुरेख! मला शिवून द्याल?” आधी एक, मग त्यांच्या मैत्रिणींच्या चार, मग त्यांच्या महिला मंडळातर्फे कामाला पालिकेच्या शाळेची एक खोली, मग नांदेडचं प्रदर्शन. धुरपताला सुरुवातीला हसूच यायचं. फाटकी लुगडी एकावर एक घालून शिवायची, त्यात सुरेख काय? थंडीत अंगावर घालायला काही नाही म्हणून माणूस वाकळ शिवतं. पण हाताला काम मिळालं तसं तिला आपल्या हातांकडं वेगळं बघता यायला लागलं. लाल काठाशेजारी हिरवा काठ ठेवावा की निळा, यावर ती तासतासभर विचार करायची आणि मग मनातल्या मनात लाजायची.

एक गोष्ट मात्र या धंद्यात बसत नव्हती. तिच्या मायच्या गावी, कंधारकडं, वाकळ शिवणारी बाई वाकळ मिटवत नसे. बाहेरच्या कडेपासून टाके घालत आत आत यायचं, चौकोनात चौकोन, आणि मधे चार बोटं जागा उरली की थांबायचं. दोरा तोडायचा नाही, वीतभर सोडून द्यायचा. मग जिच्या अंगावर वाकळ जाणार तिनं यायचं, आपल्या सुईत आपला दोरा ओवायचा, सोडलेल्या दोऱ्याला गाठ मारायची आणि उरलेला चौकोन मिटवायचा. देणारीचा दोरा आणि घेणारीचा दोरा मधे भेटल्याशिवाय वाकळेला ऊब येत नाही, असं माय म्हणायची. लेकी त्यासाठी माहेरी यायच्या. चार दिवस राहायच्या, वाकळ मिटायला तशा दोन घटकाही पुरायच्या. पण लातूरच्या साहेबांच्या बायका काय सुई घेऊन धुरपताच्या खोलीत बसणार? म्हणून ती स्वतःचाच दोरा तोडायची, पुन्हा स्वतःच ओवायची आणि स्वतःशीच गाठ मारायची. पहिल्या वेळी तिला फार कसंसंच झालं. पुढं सवय झाली. तिच्या हाताखालच्या तिघींतल्या दोघी तर गाठही मारत नसत, सरळ शिवून टाकायच्या, आणि ती बघून न बघितल्यासारखं करायची.

देविदासला यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रदर्शनाला बारा वाकळा कबूल केल्या होत्या, झाल्या अकरा. धुरपता तापानं पडलेली. त्यानं पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेली एक काढली, गठ्ठ्यात बांधली आणि एस.टी.च्या टपावर टाकून नांदेड गाठलं. गुरुद्वाराच्या रस्त्यावरच्या मैदानात मांडव होता, तिथं म्हणे सगळ्यांत आधी तीच गेली. तो आनंदानं सांगत होता. “माय, जुनी व्हती तीच पयली उचलली बाईसायबानं! म्हन्ल्या, असे टाके आता कुठं बघायला मिळतेत.” मग मायचं तोंड बघून तो ओशाळला. “मला काय म्हाईत? सगळ्या सारख्याच दिसतेत. मला सांगायचं तरी व्हतंस.” काय सांगायचं होतं? ही तुझ्या आजीनं माझ्यासाठी शिवलेली, एवढं सांगून भागलं असतं. पण मग तो विचारणार, मिटवली का नाहीस? आणि तिथून पुढं तिला बोलता आलं नसतं. चौदा वर्षं तिनं ती वाकळ ना अंगावर घेतली, ना कुणाला दाखवली. पावसाळ्यानंतर एकदा उन्हात घालायची, मधला दोरा आहे ना ते बघायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. दोरा आहे तोवर गोष्ट संपलेली नाही, असं काहीतरी तिनं मनाशी धरलं होतं.

त्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, नागाबाई, म्हणजे तिची माय, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. धुरपता सासरी, चाकूरच्या बाजूला. तीही तळ्याच्या कामावर माती वाहत होती, देविदास दहा वर्षांचा, धाकटी पोर कडेवर. ती पोर पुढं त्याच उन्हाळ्यात गेली. माय दिवसभर खडी फोडून संध्याकाळी दारात वाकळ शिवत बसते, असं कानावर येत होतं. मग चैत्रात पारूबाई आली. पारूबाई मायच्या शेजारची, तिच्याच टोळीत खडी फोडणारी. तिची बहीण धुरपताच्या गावात दिलेली. ती उन्हातनं चालत आली, धुरपताच्या दारात बसली आणि म्हणाली, “तुज्या मायनं निरोप दिलाय. वाकळ झालीया, पण येऊ नको. पाणी न्हाई.” पाणी अगदीच नव्हतं असं नाही. वरच्या आळीच्या विहिरीला होतं. पण धम्म घेऊन सोळा वर्षं झाली तरी त्या विहिरीला त्याची खबर नव्हती. घागर खाली ठेवून कुणी वरून ओतेल तेव्हा ओतेल, तोवर उन्हात उभं राहायचं. लेक आली, दोन नातवंडं आली, म्हणजे मायला तिथं आणखी तीन घागरींसाठी उभं राहावं लागलं असतं. हे सगळं धुरपताला एका क्षणात समजलं. आणि त्याच क्षणी ती म्हणाली, “बरं झालं.”

ते दोनच शब्द होते तोंडातून निसटलेले. पण निसटले ते खरेच होते. तिला नकोच होतं जायला. ती चालून चालून थकली होती, पोर किरकिरत होती, चार दिवस काम बुडालं तर कामावर खायला मिळणारी सुकडीही बुडणार होती, आणि त्या विहिरीपाशी पदर सावरत उभं राहणं तिला जिवावर आलं होतं. मायनं नको म्हटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पारूबाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं, मग पेलाभर पाणी प्याली आणि गेली. पंधरा दिवसांनी निरोप आला तो माय ऊन लागून गेल्याचा. धुरपता पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोपीत खुंटीवर वाकळ होती, मधे चार बोटं उघडी, आणि दोरा लोंबत होता. पारूबाईनं ती घडी घालून तिच्या हातात दिली. तेव्हापासून एक प्रश्न धुरपताच्या पोटात होता. आपण बरं झालं म्हणालो, हे पारूबाईनं मायला सांगितलं का? पुढं पारूबाई मुलामागं लातूरला आली, शेजारच्या गल्लीत राहायला लागली, धुरपताच्या हाताखाली वाकळा शिवायला लागली. रोज एकाच वाकळेच्या दोन कडांना दोघी बसायच्या. नळाचं, सुनांचं, टाक्यांचं सगळं बोलणं व्हायचं. तेवढं एक कधी निघालं नाही.

खोलीत आल्यावर तिनं वाकळ जमिनीवर पसरली. दुपारचे तीन वाजले होते, देविदास कचेरीत, बाकीच्या दोघी आज आलेल्या नव्हत्या. एकटी पारूबाई दारापाशी भिंतीला टेकून ठिगळं वेगळी करत होती. ती वाकळ बघून तिचा हात थांबला. धुरपतानं सुई घेतली, दोरा ओवला आणि तशीच बसून राहिली. गाठ मारायची कशाला? समोर काही नव्हतंच. सरळ शिवून टाकावं, त्या दोघी शिवतात तसं. उमादेवींना काय कळणार आहे? तीस वाकळांचं काम म्हणजे चार घरांची वर्षभराची चूल होती. पारूबाईला तर दुसरं काम होतं कुठं? मग तिला वाटलं, दोरा वरचा गेलाय, आतला तर आहे. तिनं सुईच्या टोकानं मायचा शेवटचा टाका उचलला आणि उसवला. मग त्याच्या मागचा. बाहेरच्या कडेला मायचे टाके तिळाएवढे होते. इथं मधे ते तांदळाएवढे, वाकडे, एकमेकांपासून लांब लांब पडलेले होते. खडी फोडलेल्या हातांचे टाके. हे तिनं इतक्या वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं, ती फक्त दोरा बघत आली होती. वीतभर उसवल्यावर तिनं त्या नागमोडी दोऱ्याला आपला दोरा बांधला आणि ओढला. मायचा दोरा तटकन तुटला.

तिनं आणखी वीतभर उसवला, तोही तुटला. तिसऱ्यांदा तर गाठ मारतानाच बोटांत त्याचा भुगा झाला. चार बोटांचा चौकोन आता पंजाएवढा झाला होता. तिला एकाएकी भीती वाटली. असं उसवत गेलं तर मायच्या हातचं काही राहायचंच नाही, आपणच सगळं मोडून टाकू. सुई तिच्या हातातून खाली पडली. पारूबाई उठून जवळ आली, गुडघे धरत धरत समोर बसली. “वाळलाय तो, बाई. भिजीव.” “मावशे, टँकर परवा हाय. माठात तळाला राहिलंय तेवढंच, प्यायचं.” “मंग? वाकळ काय माणूस न्हाई?” पारूबाईनं स्वतःच माठ तिरपा केला, वाटीत पाणी घेतलं, आणि मायच्या दोऱ्याचं उरलेलं टोक त्यात बुडवून दोन बोटांनी धरून ठेवलं. दोघींची डोकी एकमेकींना लागतील इतकी जवळ आली होती. तेव्हा धुरपतानं विचारलं. मान वर न करता विचारलं.

“मावशे, तवा तू मला निरोप दिलास. मी बरं झालं म्हन्ले. ते तू मायला सांगितलंस का?”

पारूबाईनं दोऱ्याचं टोक पुन्हा पाण्यात बुडवलं. “न्हाई,” ती म्हणाली. “म्या म्हन्लं, लेक लई रडली तुजी. यायचं म्हनून हट्ट धरून बसली व्हती, म्याच समजावून आले म्हन्लं.”

“मंग?”

“मंग काय. खुश झाली. तवर ती वाकळ मिटवायलाच निघाली व्हती, बग. म्हनत व्हती, पोर काय आता येत न्हाई, आपुनच मिटवून धाडून देऊ. माजं ऐकलं आन् सुई काढून घेतली. म्हन्ली, एवढी रडली का, मंग र्‍हाऊ दे, दोरा सोडून ठिवते. पानी पडलं की येतीच ती.” पारूबाईनं डोळ्याला पदर लावला. “रोज कामावरनं आली की वाटंकडं बगायची. म्या खोटं बोलले, धुरपते. चौदा वर्सं झाली, तुला सांगायची हिंमत व्हईना.”

धुरपताला आधी काही वाटलंच नाही. मग हळूहळू उमगत गेलं. तो दोरा तिच्यासाठी नव्हता. जी रडली होती, जिनं हट्ट धरला होता, त्या दुसऱ्याच एका लेकीसाठी मायनं तो सोडला होता. तशी लेक कधी नव्हतीच. चौदा वर्षं तिनं पेटीच्या तळाशी सांभाळला तो दुसरीच्या नावाचा दोरा होता, आणि आता तोही कापला गेला होता. ती रडायला लागली. आवाज न करता नाही, चांगली ओक्साबोक्शी, नाक ओढत, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशी रडली. पारूबाईनं तिला गप्प केलं नाही. वाटीतलं टोक तेवढं सोडलं नाही. “रड,” एवढंच ती म्हणाली. “आता माजं खोटं तरी फिटंल.”

दोरा भिजून मऊ झाला होता. धुरपतानं पदरानं हात कोरडे केले, आपल्या दोऱ्याचं टोकही त्याच पाण्यात बुडवलं आणि गाठ मारली. हळू ओढलं. गाठ धरली. मग उन्हं दारातून निघून जाईपर्यंत ती टाके घालत राहिली, आत आत, आणि तिनं मुद्दाम आपलेही टाके तांदळाएवढे, लांब लांब घातले.

दुसऱ्या दिवशी ती उमादेवींकडं गेली तेव्हा घोकलेलं वाक्य सोबत नव्हतं. मागायचं काही उरलं नव्हतं, द्यायचं तेवढं होतं. उमादेवींनी तिला थेट आतल्या खोलीत नेलं. खाटेवर दानम्मा भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेले. वाकळ अंगावर पडताच त्यांचे हात तिच्यावरून फिरायला लागले, कडेपासून मधे. “छान झाली हो,” उमादेवी वाकून बघत म्हणाल्या. “अगदी कळतसुद्धा नाही. फक्त ही गाठ तेवढी वर राहिली की. थांबा, कात्री आणते.” धुरपताला नको म्हणायचं होतं. तिनं नुसता हात पुढं केला. कात्री तिथंच कोनाड्यात होती, उमादेवींनी ती उचललीही. तेवढ्यात दानम्मांनी तळहात गाठीवर ठेवला. “बेड,” त्या कानडीत म्हणाल्या. “बेड गं. हात लावू नको.” आणि डोळे धुरपताच्या दिशेनं वळवून त्यांनी विचारलं, “गाठ कुणाची, बाई?”

“माज्या मायची आन् माजी.”

“हाय का माय?”

“न्हाई.”

दानम्मांनी गाठीवरचा हात काढला नाही. उमादेवींनी कात्री पुन्हा कोनाड्यात ठेवली. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता, आपण कापलेला तो वीतभर दोरा त्यांना आठवला असावा. धुरपता दाराकडं वळली. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

“येत जा,” पाठीमागून दानम्मा म्हणाल्या. त्यांनी वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. “काम असलं नसलं तरी येत जा. वाकळ बघायला येत जा.”

हाव म्हणायला धुरपतानं तोंड उघडलं, आणि दाराची चौकट धरून ती बराच वेळ नुसतीच मान हलवत राहिली.